घाटाचा मक्ता

गेल्या वर्षीच्या कोजागिरीची गोष्ट. कात्रपातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मोठ्या पातेल्यात दूध आटत होते. केशर आधी घालायचे की वेलची, यावर बायकांचा वाद रंगला होता आणि पोरे जिन्यातून उगाच खालीवर धावत होती. दहाचा सुमार असेल. तेवढ्यात आमच्याच इमारतीतला माझा एक जुना विद्यार्थी गच्चीवर आला. कानाला ते बोलण्याचे यंत्र लावलेलेच होते. ते काढून त्याने खिशात ठेवले आणि म्हणाला, "सर, दहा मिनिटेच बसतो. अमेरिकेत आता कुठे दुपार झाली आहे."

हा मुलगा सातवीत माझ्या वर्गात होता. आता तिशी उलटली आहे. घरी बसून कंप्युटरवर परदेशातल्या एका पेढीचे काम करतो. पेढीचे म्हणायचे खरे, पण ती पेढी त्याला ओळखत नाही. तिने आपले काम एका मोठ्या कंपनीला दिले, त्या कंपनीने त्यातले निम्मे दुसरीला, दुसरीने त्यातला तुकडा तिसरीला. त्या तिसरीच्या हाताखाली हा आणि याच्या हाताखाली पाच पोरे. एक नाशकात, एक साताऱ्यात, बाकीची इकडे तिकडे, जो तो आपल्या घरी. एकमेकांचे चेहरे त्यांनी पडद्यावरच पाहिलेले.

मी त्याच्या हातात पेला दिला. तो नुसता धरून बसला. मग हळूच म्हणाला, "सर, रोज रात्री आम्हाला एक तक्ता वर पाठवावा लागतो. काम ठीक चालले असेल तर हिरवा रंग, अडले असेल तर लाल. आमचे काम महिनाभर अडले आहे. मी लाल रंग भरतो, तर वरून निरोप येतो, हिरवा कर, मालकाला लाल दिसता कामा नये. आणि माझ्या हाताखालच्या पोरांना दोन महिन्यांचा पगार नाही. वरचा म्हणतो, मला त्याच्या वरच्याकडून आला नाही. आज रात्री पुन्हा तक्ता पाठवायचा आहे. तुम्ही इतिहास शिकवता. असले काही पूर्वी कधी झाले होते का हो?"

मी उत्तर देणार तोच पलीकडून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली. मी म्हटले, "झाले होते. ही गाडी जाते आहे ना, त्याच वाटेवर, पुढे घाटात."

दहा मिनिटांत सांगून होणारी ती गोष्ट नव्हती. त्या रात्री जेवढी सांगता आली तेवढी सांगितली. आज वाचकांपुढे सविस्तर मांडतो.

*

आपल्या बदलापूरच्या नावाविषयी जुनी माणसे सांगतात की, मराठेशाहीत इथे घोडी बदलीत, म्हणून हे बदलापूर. खरेखोटे देव जाणे. पण आगगाडी इथे कधी आली ते नक्की ठाऊक आहे. बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी १८५३ सालच्या १६ एप्रिलला धावली. दुसऱ्या वर्षी ती कल्याणला पोचली. आणि १८५६ च्या मे महिन्यात कल्याणहून बदलापूर, कर्जत करीत रूळ थेट घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत गेले. तिकडे वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा रस्ता १८५८ च्या जूनमध्ये सुरू झाला. मध्ये राहिला तो बोरघाट. त्या वेळी पुण्याला जाणारा उतारू खोपोलीला गाडीतून उतरे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढे आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. हे असे जवळजवळ पाच वर्षे चालले होते.

आता हा लोहमार्ग बांधीत कोण होते ते पाहा. मुंबईत नाना शंकरशेट, सर जमशेटजी जीजीभाई अशी वजनदार मंडळी आरंभापासून या उद्योगाच्या पाठीशी होती. पण पैसा विलायतेचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या नावाची कंपनी लंडनात निघाली आणि १८४९ च्या ऑगस्टात तिचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. त्यातले मुख्य कलम असे की, भागीदारांनी जे भांडवल घालावे त्यावर शेकडा ५ व्याज हिंदुस्थानच्या तिजोरीतून द्यायचे. गाडी चालो न चालो, नफा होवो न होवो, ५ टक्के ठरलेले. जमीन फुकट. आणि याच्या मोबदल्यात सरकारने प्रत्येक कामावर देखरेख ठेवायची.

म्हणजे उतरंड अशी झाली. सर्वांत वर लंडनमधले संचालक मंडळ. त्यांचा सल्लागार रॉबर्ट स्टीफन्सन, त्या काळचा नामांकित इंजिनियर, तोही लंडनात. मुंबईत कंपनीचा मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली. त्याच्या कामावर डोळा ठेवायला मुंबई सरकारचा वेगळा सल्लागार इंजिनियर. प्रत्यक्ष बांधायचा मक्ता फॅव्हिएल या इंग्रज मक्तेदाराकडे. त्याच्या हाताखाली पोटमक्तेदार, त्यांच्या हाताखाली मुकादम आणि सगळ्यांच्या तळाला पहार आणि घमेले घेतलेली माणसे. कागदावर ही व्यवस्था किती चोख दिसते! एकावर एक पहारेकरी. पण शाळेत मी एक पाहिले आहे. ज्या वर्गावर दोघांना लक्ष ठेवायला सांगितले, त्या वर्गाकडे दोघेही दुसऱ्याच्या भरवशावर दुर्लक्ष करतात.

शिवाय अंतर! मुंबईहून निघालेले टपाल आगबोटीने सुएझला, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला, पुन्हा बोटीने विलायतेला असे जायचे. महिन्याच्या आसपास जायला, तेवढेच उत्तर यायला. तार म्हणाल, तर मुंबई-पुण्याकडे तारेचे खांब उभे राहिले होते. पण इराणच्या आखातातून हिंदुस्थान विलायतेला तारेने जोडला गेला तो १८६५ साली, म्हणजे घाटातून गाडी सुरू झाल्यावर. तेव्हा घाटात एखादा कडा अचानक कोसळला आणि लंडनला विचारून निर्णय घ्यायचा म्हटला, तर उत्तर येईपर्यंत पावसाळा उजाडायचा. जिथे काम तिथे अधिकार नाही आणि जिथे अधिकार तिथे काम कोणी पाहिलेले नाही, अशी ही तऱ्हा होती.

*

आणि काम तरी कसले! कर्जतजवळ पळसदरीपासून वर लोणावळ्यापर्यंत पावणेसोळा मैलांचा चढ. एवढ्यात १८३१ फूट वर जायचे. काही ठिकाणी तर ३७ फुटांना १ फूट असा चढ. २५ बोगदे, ८ उंच कमानींचे पूल, शिवाय लहान पूल आणि मोऱ्या शेकड्याने. दगड कोणता, तर आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. तो हाताने भोके पाडून, त्यात दारू ठासून फोडायचा. काही कड्यांवर पाय ठेवायलाही जागा नव्हती. तिथे माणसांना वरून दोरांनी खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेतली.

मध्ये एका जागी तर वळण घ्यायलाच वाव मिळेना. तेव्हा बर्कलीने अशी युक्ती काढली की, गाडी एका डोंगराच्या टोकापर्यंत सरळ न्यायची, तिथे थांबवून इंजिन पुढून काढून मागे लावायचे आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा. या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन असे नावच पडले. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग आखला जाईपर्यंत गाड्या तिथे तोंड फिरवीत होत्या. आजही कर्जतला गाडीच्या मागून इंजिने जोडतात आणि आपण तेवढ्या वेळात बटाटेवडा खाऊन घेतो. तो वडा खाताना त्या चढाची आठवण कोणाला होत असेल?

घाटाचीच एक दंतकथा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ लागते. गाड्यांतून जाणारे लोक तिथे हात जोडतात, नाणे टाकतात. लोक सांगतात की, साहेबाला घाटातून वाट सापडेना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या मेंढरांची पायवाट त्याला दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाला, काय हवे ते माग. धनगर म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. त्यावर साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा दप्तरात सापडायची नाही आणि इतिहास म्हणून ती मी वर्गात शिकवीतही नाही. पण लोकांनी ती दीडशे वर्षे का जपली असावी, याचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. नकाशा लंडनला पसंत झाला असेल, पण पायाखालची जमीन ज्याला ठाऊक होती त्याचे नाव कोणत्याही मक्त्यात आले नाही, हे लोकांनी आपल्या रीतीने लिहून ठेवले आहे.

*

१८५६ च्या जानेवारीत काम सुरू झाले. फॅव्हिएल काही नवखा नव्हता. मुंबई ते ठाणे हा पहिला रस्ता बांधण्यात त्याचाच हात होता. पण सपाटीवरचे काम वेगळे आणि घाटातले वेगळे. खाली मैदानात जमशेटजी दोराबजींसारखा इथलाच पारशी मक्तेदार कामे घेई. त्याला इथला माणूस, इथला बाजार, इथला पाऊस ठाऊक. घाटात मात्र हजारो माणसे देशावरून टोळ्याटोळ्यांनी आणावी लागत. बायकामुलांसह ती येत, पालांत राहत, पाऊस लागला की परतत आणि पावसानंतर पुन्हा गोळा करावी लागत. हिवताप आणि पटकी यांनी किती जणांना नेले याची मोजदाद त्या माणसांची नावे लिहून कोणी केली नाही.

त्यातच मध्येच मालक बदलला! १८५७ चा उठाव झाला आणि १८५८ साली ज्या ईस्ट इंडिया कंपनीने व्याजाची हमी दिली होती तिचेच राज्य संपले. राणीचा जाहीरनामा निघाला. नवे खाते, नवे कारभारी. घाटातल्या मुकादमाला याची काय कल्पना! त्याचे सुरुंग फुटतच होते.

आणि १८५९ च्या जानेवारीत दुसराच सुरुंग फुटला. मजुरांना मजुरी वेळेवर मिळत नव्हती. मक्तेदाराने पोटमक्तेदाराला द्यायचे, त्याने पुढे वाटायचे. मधल्या हातांत पैसा अडकत होता किंवा गळत होता. ज्याने आठवड्याच्या बाजारासाठी घाम गाळला, त्याने किती वेळा 'उद्या' ऐकावे? शेवटी हजारो मजूर चवताळून उठले. दगड चालले, युरोपीय मुकादमांना मार बसला, शिपाई आले, चौकशी बसली. तेव्हा कुठे सरकारच्या ध्यानात आले की, आपण दगडाच्या दर्जावर, चढाच्या मापावर, हिशेबाच्या पैपैवर देखरेख ठेवली, पण सर्वांत खालच्या माणसाच्या हातात त्याचे दाम पडते की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

या असल्या भांडणांतून १८६० साली एक कायदा झाला. मालक आणि मजूर यांच्यातले मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटाने झटपट निकालात काढावेत असे त्यात ठरले. वाचून बरे वाटते. पण त्याच कायद्यात, कबूल केलेले काम टाकून जाणाऱ्या मजुराला शिक्षेचीही तरतूद होती. म्हणजे एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने आवळले. तरीसुद्धा मी त्याला महत्त्व देतो. आगगाडीच्या रस्त्यावर खडी फोडणारा माणूसही या कारभारातला एक पक्ष आहे, हे सरकारला त्यात कबूल करावे लागले.

*

दंगा झाला आणि दोनेक महिन्यांत, १८५९ च्या मार्चमध्ये, फॅव्हिएलने घाटाचा मक्ता सोडून दिला. काही काळ कंपनीच्या इंजिनियरांनीच काम चालवले. मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सॉलोमन ट्रेडवेल या दुसऱ्या इंग्रज मक्तेदाराला मक्ता दिला. तो बायकोला, ॲलिसला, बरोबर घेऊन आला. आणि इथे पाऊल ठेवल्यावर महिन्याच्या आतच आजारी पडून वारला.

क्षणभर त्या बाईच्या जागी आपण उभे राहून पाहू. परका मुलुख, समोर तो काळा डोंगर, नवऱ्याची माती अजून ओली आणि टेबलावर त्याच्या सहीचा मक्ता. पहिल्या बोटीने परत जाती तर कोणी नाव ठेवले नसते. विलायतेतही त्या काळी बाईमाणसाने मक्ते घेण्याची रीत नव्हती. पण ॲलिस ट्रेडवेलने मक्ता सोडला नाही. तो तिने आपल्या नावावर चालवायला घेतला आणि शेवटाला नेला.

आता मला तिच्या धैर्याइतकेच तिच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. बोगदा कसा खणतात हे आपल्याला येते, असा आव तिने आणला नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन जाणत्या माणसांच्या हाती तिने घाटातले काम सोपवले. ती दोघे कामावर हजर, निर्णय तिथल्या तिथे आणि त्या निर्णयाच्या पाठीशी मक्तेदारीण स्वतः. काम झपाट्याने पुढे सरकू लागले. १८६१ च्या जानेवारीत घाटात ४२,००० माणसे कामावर होती. बेचाळीस हजार! आपल्या बदलापूरच्या फलाटांवर सकाळच्या लोकलला होणारी गर्दी डोळ्यांपुढे आणा, तरी हा आकडा मनात मावत नाही.

१८६३ च्या २१ एप्रिलला मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचा मार्ग खुला झाला. सात वर्षांवर काळ आणि सुमारे ११ लक्ष पौंड खर्च झाला होता. भाषणे झाली, खाने झाले. पण ज्याने हा घाट कागदावर आणि पायांनी दोन्ही प्रकारे तुडवला, तो बर्कली तिथे नव्हता. तब्येत ढासळून तो विलायतेला परतला होता आणि १८६२ च्या ऑगस्टात वारला. वय अवघे ४२. स्टीफन्सन त्याच्याही आधी, १८५९ सालीच गेला. फॅव्हिएल सोडून गेलेला, ट्रेडवेल मातीत. आरंभी ज्यांच्या सह्या होत्या त्यांतला हमी देणारादेखील उरला नव्हता. उरले फक्त काम.

*

इथे गोष्ट संपवली असती तर ती दिवाळीला शोभली असती. पण इतिहासाच्या मास्तराला तेवढ्यावर थांबता येत नाही.

गाडी सुरू होऊन चार वर्षे झाली होती. १८६७ च्या जुलैत, भर पावसात, घाटातला महूकीमळीचा उंच कमानींचा पूल कोसळला. आठ कमानींचा, खाली दरी. चौकशीत काय निघाले? बांधकामातली हयगय. आणि तो एकटाच नव्हता. त्या वर्षांत या कंपनीच्या मार्गावरचे कितीतरी पूल आणि मोऱ्या तडकलेल्या, खचलेल्या आढळल्या आणि त्या पुन्हा बांधाव्या लागल्या.

माझ्या विद्यार्थ्याच्या भाषेत बोलायचे, तर हा पूल चार वर्षे हिरवा दिसत होता. कंपनीचा इंजिनियर होता, त्याच्यावर सरकारी इंजिनियर होता, दोघांच्या सह्या होत्या. कागदावर पूल भक्कम उभा होता. फक्त पावसाला कागद वाचता येत नव्हता.

असे का झाले? घाई हे एक कारण. दुसरे कारण मला त्या ५ टक्क्यांत दिसते. हिंदुस्थानचे अर्थखाते सांभाळलेले मॅसी नावाचे गृहस्थ १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे जे बोलले त्याचा मथितार्थ असा की, भांडवलवाल्याला आपले ५ टक्के मिळायचेच होते, मग त्याचा पैसा नदीत फेकला काय आणि विटाचुन्यात घातला काय, त्याला सारखेच. काम चांगले झाले तर ज्याचा लाभ नाही आणि वाईट झाले तर ज्याचे नुकसान नाही, तो मालक कितीही अहवाल मागवो, त्याचे अहवाल वाचण्यात मन नसते. नुकसान कोणाचे व्हायचे होते? हिंदुस्थानच्या रयतेचे. हमी तिच्या घामातून दिलेली होती. आणि तिला तर कोणी विचारलेच नव्हते.

आता कोणी म्हणेल, मक्तेदारच वाईट होते. तसेही नाही. याच फॅव्हिएलची पुढची हकिगत ऐका. बोरघाट सोडलेल्या या माणसाने सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कोलंबोपासून कँडीपर्यंतच्या लोहमार्गाचा मक्ता घेतला. तिथेही डोंगर, तिथेही पाऊस, तिथेही बोगदे आणि कडे. १८६७ साली गाडी कँडीला पोचली. इकडे आपला पूल पडला तेच वर्ष! माणूस तोच. पण तिथे मक्ता वसाहतीच्या सरकारने दिला होता आणि मोल्सवर्थ नावाचा त्या सरकारचा मुख्य इंजिनियर जागेवर होता. मालक आणि मक्तेदार यांच्यामध्ये लंडनच्या संचालकांचा पडदा नव्हता. एवढ्यावरून सगळे सिद्ध होते असे मी म्हणत नाही. बोरघाटात जे शिकला ते त्याला कँडीच्या वाटेवर उपयोगी पडले असेल. पण मेणबत्ती विझली म्हणून मेणाला दोष देण्याआधी खिडकी उघडी होती का ते पाहावे, एवढे तरी यातून निघते.

*

आता पुन्हा आमच्या गच्चीवर येऊ.

दीडशे वर्षांत पाणी पुष्कळ वाहून गेले. १९६८ साली मुंबईत टाटांची कंप्युटरचे काम करणारी कंपनी निघाली. १९७३ साली अंधेरीला परदेशासाठी माल करणारी सीप्झची वसाहत उभी राहिली. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. सातासमुद्रापलीकडची कामे इथे येऊ लागली, पोरे तिकडे जाऊ लागली आणि आता तर कात्रपातल्या दोन खोल्यांत बसून अमेरिकेतल्या पेढीचे हिशेब सांभाळले जातात. महिन्याच्या टपालाऐवजी निमिषात निरोप जातो. त्या काळच्या संचालकांना हे सांगितले असते तर त्यांनी हात जोडले असते.

पण वाचकहो, निरोप लवकर पोचला म्हणजे खरा निरोप पोचला असे होते का? बर्कलीच्या पत्राला महिना लागत होता म्हणून लंडनला घाट दिसत नव्हता. माझ्या विद्यार्थ्याचा तक्ता पापणी लवायच्या आत पोचतो, तरीही त्या पेढीला कात्रप दिसत नाही. कारण मध्ये तीन हात आहेत आणि प्रत्येक हात लालावर थोडा हिरवा फासून पुढे देतो. अंतर समुद्राचे होते तेव्हा ते आगबोटीने तोडले, तारेने तोडले. हे अंतर भीतीचे आहे, ते कोणत्या तारेने तोडायचे?

मी त्याला त्या रात्री जे सांगितले ते एवढेच. काम दुसऱ्याला देता येते, पण त्याचा भार देऊन टाकता येत नाही. लंडनच्या मंडळाने मक्ता दिला, मक्तेदाराने पोटमक्ता दिला, पण पूल पडला तो सगळ्यांचाच पडला. म्हणून दूरच्या कामाचा कारभार करायचा तर तीन गोष्टी पाहाव्यात. कामाच्या जागी निर्णय घेणारा माणूस आहे का? कडा ढासळतो आहे असे खालचा माणूस म्हणाला, तर त्याचे ऐकून घेणारा कोणी आहे का? आणि शनिवारी सर्वांत खालच्या माणसाच्या हातात त्याची मजुरी पडते का? पहिल्या दोन गोष्टी चुकल्या तर पूल पडतो. तिसरी चुकली तर त्याच्याही आधी दगड पडतात.

तो ऐकत होता. दुधावर साय धरली होती. मग म्हणाला, "सर, त्या ट्रेडवेलबाईंनी मक्ता सोडला असता तर काय झाले असते?"

मी म्हटले, "दुसरा कोणी आला असता. घाट कोणावाचून अडत नाही. पण आज दीडशे वर्षांनी तिच्याविषयी आपण कात्रपात बोललो नसतो."

तो हसला, दूध एका दमात प्याला आणि खाली गेला. थोड्या वेळाने त्याच्या खिडकीत पुन्हा दिवा लागलेला दिसला.

दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास, तो जिन्यात भेटला. त्या रात्री त्याने तक्ता लालच ठेवला होता. खाली नीट लिहिले होते की काम कशाने अडले आहे, किती दिवस लागतील आणि कोणत्या पाच जणांना किती महिन्यांचे पैसे मिळालेले नाहीत. मधल्या हातांतून तो कागद वर गेला. आठवडाभर त्याला पुष्कळ बोलणी खावी लागली. मग एका रात्री सगळ्यांच्या वरच्या माणसाने पडद्यावर त्याला समोर बसवून, मधल्यांना बाजूला ठेवून, दोन तास प्रश्न विचारले.

"आणि पगार?" मी विचारले.

"पोरांचा एका महिन्याचा आला, सर. दुसरा अजून यायचा आहे. मी रोज विचारतो."

"विचारीत राहा," मी म्हटले.

खाली उल्हास नदीचे पात्र चांदण्यात दिसत नाही, इमारती आड येतात. पण ती राजमाचीच्या दरीतून, त्याच घाटाच्या कुशीतून निघून आपल्याकडे येते. दोरांना लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणाऱ्या माणसांनी त्याच पाण्याने तहान भागवली असेल. त्यांची नावे कोणत्या पाटीवर नाहीत. यंदा दिवाळीला पुण्याची गाडी पकडून आप्तांकडे जाल, तेव्हा कर्जत सुटल्यावर पहिल्या बोगद्याचा काळोख येईल. मुले नेहमीप्रमाणे ओरडतील. त्यांना ओरडू द्यावे. आणि काळोख सरून पुन्हा उजेड येईपर्यंत आपण त्या बेचाळीस हजारांची एकदा आठवण करावी.